बराबर म्हणजे

धामणघाट, ता. औंढा
सोमवार, १९ जानेवारी २०२६

ती. आत्यास सविनय जयभीम.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की अपघाताच्या दिवशी सोनाजीकाकांनी काहीही न विचारता बोट सोडली. ते खरं नाही. त्यांनी विचारलं होतं. पत्र पेटीत पडलं आणि मला ते आठवलं. तेव्हापासून जेवायला बसलं की तेच वाक्य डोळ्यांपुढे येतं. चुकीचं वाक्य लिहिलं गेलं तर पुढचं लिहिण्याआधी ते नीट करायचं, हे तूच शिकवलंस, म्हणून सगळ्यात वर हेच लिहीत आहे.

काय झालं ते पुन्हा नीट सांगते. मागच्या वेळी घाईत लिहिलं होतं, तुला अर्धं कळलं नसेल.

आमची ‘टिटवी’ लहान बोट आहे. दोन्ही बाजूंना लांब बाकडी, वर ताडपत्रीचं छत, मागे इंजिन आणि इंजिनापाशी सोनाजीकाका. मी पुढे, लोक जिथून फळीवरून चढतात तिथे. तिकीट बघायचं, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट घालायचं, पट्टे आवळायचे. बोट धरणाच्या फुगवट्यात शिरली की माईक घ्यायचा आणि कोणती गावं पाण्याखाली गेली, थंडीत कोणती बदकं येतात ते सांगायचं. जॅकेटं रोज उन्हात वाळत घालावी लागतात, नाहीतर कुबट वास येतो आणि बाया नाक मुरडतात. कामाच्या पहिल्या दिवशी माझं माईकवरचं बोलणं ऐकून काका म्हणाले होते, “मॅडम, तुमचं मराठी रेडिओवानी हाय. बदकायला बी समजंना.”

बोट सुटायच्या आधी ते रोज मागून ओरडतात, “बराबर?” मी सगळ्यांच्या पट्ट्यांवरून नजर फिरवते आणि “बरोबर” म्हणते. मग बोट सुटते.

त्या रविवारी हट्ट्याहून बचत गटाच्या बाया आल्या होत्या. दुसऱ्या बाजूला ऊन होतं म्हणून सगळ्या एकाच बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. काकांनी विचारलं, मी उत्तर दिलं, बोट सुटली. धक्क्यापासून थोडं पुढे गेल्यावर काकांनी वळण घेतलं तशी बोट एका अंगावर कलली. काकांनी लगेच सावरली, पण नर्मदाबाई नावाच्या एक आजी बाकड्यावरून घसरून लोखंडी खांबावर आदळल्या. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आहे.

चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं होतं, “प्रवासी कसे बसलेत हे चालकाने विचारलं का?” मी नाही म्हटलं, आणि तसा जबाब लिहून घेतला गेला. ते तर खरंच आहे. काकांनी विचारलं ते जॅकेटचं. म्हणजे जबाब खरा आणि तुला लिहिलेलं खोटं, एवढाच घोळ. ते मी आता नीट केलं. मग मला बरं का वाटत नाही?

काकांना घरी बसवलं आहे. आमचे मालक चिन्मयसर म्हणाले की पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, तोवर दुसरा चालक. सुनावणीत काकांचा बोट चालवायचा परवाना जाऊ शकतो. जन्म पाण्यात गेलेला माणूस आहे.

तुला फोनवर ऐकू येत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. या वेळी वाटलं, बरं झालं. हे मला तोंडाने सांगता आलं नसतं.

तुझी,
सरिता

*

कुरुंदा
शनिवार, २४ जानेवारी २०२६

चि. सरितास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पोस्टमन दारात बराच वेळ हाका मारत उभा असावा. मी अंगणात आले तेव्हा त्याचा चेहरा रागावलेला होता.

पत्र तपासून सोबत परत पाठवीत आहे. चुका थोड्या आहेत. ‘धक्क्यापासून’ मधला दुसरा क तू घाईत खाल्ला होतास. आणि ‘बराबर’ असे लिहू नयेस. माणूस कसाही बोलो, लिहिताना ‘बरोबर’. तुझ्या बाबांची एसटीत बदलीमागून बदली होत होती आणि तू शाळेत न जाता माझ्यापाशी ओसरीवर बसून शिकत होतीस, तेव्हाच हे मी तुझ्याकडून घोटवून घेतले होते. त्या शब्दापाशी अडून राहू नकोस.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तुला जे विचारले गेले त्याचे तू खरे उत्तर दिलेस. त्याहून जास्त कोणी मागितलेले नाही. लहानपणी तू पाटी पुसून पुसून पांढरी करायचीस. काही पुसायचे उरलेले नसताना सुद्धा. ती खोड अजून गेलेली नाही.

सोनाजीबद्दल वाईट वाटणे साहजिक आहे. परंतु बोट वळवणारा हात त्याचा होता.

इकडे हळद शिजवणे सुरू झाले आहे. सगळ्या गावाला तो वास आहे. तुझ्या बाबांना, प्रेमानंदला, यातले काही कळवू नकोस. तो ड्युटीवर असतो आणि गाडी चालवताना विचार करत बसेल.

तुझी आत्या,
पद्मा

*

धामणघाट
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास सविनय जयभीम.

तू खोडलेला शब्द मी पुन्हा लिहिणार आहे. रागावू नकोस.

काकांची पानाची चंची आणि छत्री बोटीवर राहिली होती. नवा चालक ती सारखी इकडून तिकडे फेकायचा. मला ते बघवेना, म्हणून आज मी ती द्यायला त्यांच्या घरी गेले. काका मोटारसायकलवर माशांचे डबे बांधत होते. जवळा बाजारला जायचं होतं त्यांना. गंगूकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, हँडल धरून समोर उभ्या होत्या. मी आलेली दोघांनाही दिसली नव्हती. मागच्या सीटच्या दोन्ही अंगांना एकेक डबा लोंबत होता. काकांनी वाकून दोरी ओढली आणि विचारलं, “बराबर?”

काकू म्हणाल्या, “कुठलं बराबर? तुमच्याकून खाली हाय. वळनावर पडसान.”

काकांनी दोरी सोडली, परत बांधली. “आता?”

“आता बराबर.”

आत्या, मी तिथेच उभी राहिले. काकूंनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी विचारलं, “काका, बोटीवर तुम्ही रोज हेच विचारायचे का?”

“काय?”

“बराबर म्हणून. दोन्ही बाजू सारख्या झाल्या का, हे?”

“मंग काय इचारनार? तुमी जेवल्या का म्हनून?”

“मला वाटायचं, जॅकेटचं विचारता.”

“जॅकेट तुमचं काम. ते मी काहून इचारू?” ते दोरी आवळतच होते. “मदी ताडपत्री लोंबून राहिली, समोर मान्सं उभी. मला मागून काय बी दिसंना. कोन्या बाजूला वजन झालं ते पुढून दिसते. म्हनून तर तुमाला पुढं उभं केलं.” मग त्यांचा हात थांबला. “म्हंजे इतके दिवस तुमी मला पट्ट्याचं सांगून राहिल्या व्हय?”

ते हसले. खरंच हसले, काकूंकडे बघून. एरवी लोक आपापल्या घरच्यांसोबत दोन्हीकडे विभागून बसतात, म्हणून माझं चुकीचं उत्तरही रोज खरं ठरत गेलं. मग त्यांचं हसू गेलं. म्हणाले, “मी साहेबाला सांगितलं, मी बाईला इचारलं, बाई बराबर म्हनली, मंगच सोडली. साहेब म्हनले, बाईच्या जबाबात तर इचारलंच न्हाई म्हून हाय. मी म्हनलं, जाऊ द्या. पोरगी नौकरीला भेली असंल.”

काकू म्हणाल्या, “मी न्हाई जाऊ दिलं. मी लई बोलले तुमाला. मागं.”

“पुढं बी बोल की आता,” काका म्हणाले. “आलीच हाय तर.”

काकू वळल्या. आत जाऊन त्यांनी चहा ठेवला. तो कप मला कसा संपवावा कळेना. जबाब बदला, असं काका एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं. “मासोळी गरम होते,” म्हणून ते निघून गेले.

लहानपणी माझ्या तोंडून ‘बराबर’ आलं की तू म्हणायचीस, “बरोबर म्हण.” मला वाटायचं तो एकच शब्द आहे. एक मळलेला, एक धुतलेला. काका मळलेला म्हणतात आणि मी धुतलेला म्हणते, एवढाच फरक. त्याचा काही वेगळा अर्थ असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘हो’ होतं. मी ‘नाही’ म्हटलं आणि खाली सही केली.

सुनावणी २६ फेब्रुवारीला, हिंगोलीत. तू सांग. शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, हे कारण म्हणून चालतं का?

तुझी,
सरिता

*

कुरुंदा
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

चि. सरितास आशीर्वाद.

या वेळी तुझ्या पत्राला लाल शाई लावली नाही.

मला हा शब्द माहीत होता. तुझे आजोबा, माझे आबा, सटवाजी, मोंढ्यावर विकायला न्यायची हळदीची पोती गाडीत रचायचे. ते खाली उभे राहून विचारायचे, “बराबर का गं?” आणि मी वर उभी राहून सांगायची, मागून जड झाली, अजून एक पुढं घ्या. सात-आठ वर्षांची होते. जानेवारीत तुझे पत्र वाचताना त्या ओळीवर पेन थांबला होता. सोनाजी काय विचारत असेल ते मला तेव्हाच कळले. मग मी तो शब्द खोडला आणि वर ‘बरोबर’ लिहिले. जणू शुद्धलेखनाचीच गोष्ट आहे.

का, ते विचारशील. परभणीला कॉलेजात मी पहिल्याच दिवशी वर्गात उभी राहून “व्हय” म्हणाले होते. वर्ष संपेपर्यंत पोरी मला व्हयबाई म्हणत. तेव्हा ठरवले की आपल्या घरच्या लेकराच्या तोंडी असा एकही शब्द राहू द्यायचा नाही. तुझ्या तोंडून मी एकेक वेचून काढला. हा पण.

आणि पत्र वाचल्यावर खरं का सांगितलं नाही, तेही सांगते. म्हटलं, लेकरू आपलं हाय. त्याला काहून भोगू द्यावं.

आता माझे ऐक. तू कोणाकडे जाऊ नकोस. चौकशीच्या कार्यालयाला मी लिहिते. या मुलीला मी शिकवले, तिला हा अर्थ मी कळू दिला नाही, दोष माझा आणि त्या शब्दाचा आहे, असे सविस्तर लिहून देते. शब्दाची नोकरी जात नाही आणि या वयात माझे कोणी काही करणार नाही. त्यांना पटले तर सोनाजी सुटेल. नाही पटले तरी त्याला मासे आहेत. तुला त्या बोटीशिवाय काय आहे?

हे शेवटचे वाक्य लिहून मी उठले आणि परत येऊन वाचले. चांगले नाही. पण खोडत नाही.

तुझी आत्या,
पद्मा

*

धामणघाट
शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास सविनय जयभीम.

तू कार्यालयाला लिहू नकोस. लिहून ठेवलं असशील तर टाकू नकोस.

तुझं पत्र वाचून मला फार हलकं वाटलं होतं. दोष शब्दाचा. शिवरात्रीला औंढ्याची गर्दी इकडे वळली होती. एका बाजूने लोक उतरायचे तोवर दुसरे फळीवर उभे. त्या धांदलीत मी दिवसभर हसतमुखाने जॅकेटं घातली. नव्या चालकाला मी स्वतः ओरडून सांगत होते, “डावीकून दोघं उजवीकडं घेते, थांबा.” मला वाटलं, मी शिकले आणि विषय संपला.

पण नर्मदाबाईंना मी अजून भेटले नव्हते. सोमवारी बोट बंद असते, तेव्हा हट्ट्याला गेले. ओसरीवर बाजेवर निजलेल्या होत्या. अजून बरेच दिवस चालता येणार नाही त्यांना. मला पाहून सुनेला म्हणाल्या, “बोटीवरल्या मॅडम आल्या, सतरंजी टाक.” मी त्यांच्या पायाकडे बघायचं टाळत होते. तब्येतीचं विचारून झालं, आणि त्या म्हणाल्या, “आमचा फोटू निघाला का वो?”

मी म्हटलं, “नाही निघाला, आजी.”

“मंग उगंच उठलो जाग्यावरून,” त्या म्हणाल्या.

रागाने नाही म्हणाल्या. एखादी बस चुकली तर म्हणतात तसं. मग सुनेला सांगू लागल्या, “आमी हिकडं-तिकडं नीट बसलो व्हतो. या म्हनल्या, सगळ्या एका बाजूला या, मागं डोंगर येते.”

आत्या, ही दुसरी दुरुस्ती. तुला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि १९ जानेवारीच्या पत्रातही आहे की बाया उन्हामुळे एका बाजूला जाऊन बसल्या. जबाबातही तसंच आहे. ते खोटं आहे. त्या दोन्हीकडे बसल्या होत्या. ऊन होतं, पण कोणाची तक्रार नव्हती, पदर डोक्यावर घेतले होते. ‘टिटवी’च्या जाहिरातीसाठी फोटो हवा होता, म्हणून मी त्यांना एका बाकड्यावर आणलं. दोघी-तिघी दाटीने बसायला तयार नव्हत्या, त्यांना मी हाताला धरून उठवलं. नर्मदाबाई त्यांतल्या एक. त्यानंतर काकांनी विचारलं, “बराबर?” मी फोन हातात धरून पट्टे बघितले आणि होकार दिला.

हे मी विसरले नव्हते. विसरले असते तर वेगळं. तुला लिहिताना ‘ऊन’ हा शब्द पेनाखाली आला आणि मी तो राहू दिला. मग जबाबातही तोच दिला, कारण एकदा लिहून झाला होता. ‘काहीही न विचारता’ हे मी लगेच दुरुस्त केलं, आणि मला वाटलं की मी फार प्रामाणिक आहे. मोठी चूक झाकायलाच मी धाकटी उघडी केली. तुला अगदी खरं सांगायचं तर तेव्हा बरं न वाटण्याचं कारण मला माहीत होतं.

म्हणून दोष शब्दाचा आहे असं मला म्हणता येणार नाही. तो शब्द मला बरोबर कळत असता, तरी मी त्या बायांना उठवलंच होतं.

काकांना सांगून आले. मी फोटोचं बोलले तेव्हा ते जाळ्याच्या गाठी सोडवत होते. आणखी एक गाठ सोडवली. मग म्हणाले, “शब्दाचं सांगा. तेवढ्यात माझं भागते. फोटूचं कोनी इचारलं न्हाई, तुमी काहून सांगता?”

“विचारतील ना, सगळ्या एका बाजूला कशा गेल्या म्हणून.”

“मंग उनाचं सांगा. ऊन कुठं जबाब द्यायला येते.”

गंगूकाकू दारातून म्हणाल्या, “तिला शिकवू नका तुमी. तिला आधीच लई शिकवेल हाय.” हे तुला लागेल, पण काकूंनी म्हटलं ते लिहिते.

चिन्मयसरांना कालच सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. मी लावलेल्या खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळला. म्हणाले, “सरिता, सरळ मुलगी म्हणून तुला घेतलं मी. पण आता जबाब बदललास तर ते विचारतील, आधीचा खोटा की आताचा? फोटोसाठी बाया हलवल्या म्हटलं की बोटच बंद ठेवतील. तुझं काम जाईल, नव्या माणसाचं जाईल, माझं तर सगळंच.” मग म्हणाले, “सुनावणीला तू यायची गरज नाही. जबाब आहेच.” मी काही बोलले नाही. ते समजले की मी ऐकलं. ते तसं समजले आहेत हे मला दिसत होतं आणि मी तसंच राहू दिलं. हीसुद्धा एक दुरुस्ती बाकी आहे. सोमवारी बोट बंद, सर धामणघाटला हिशोब बघायला येतात. तेव्हा त्यांना तोंडावर सांगेन की मी जाणार आहे.

नवा जबाब मी लिहून ठेवला आहे. तू तपासायला मागशील म्हणून इथे उतरवते: “बोट सुटण्यापूर्वी चालक सोनाजी यांनी ‘बराबर?’ असे विचारले. त्याचा अर्थ, दोन्ही बाजूंना वजन सारखे आहे का. तो मला माहीत नव्हता. प्रवासी दोन्ही बाजूंना बसले होते. फोटोसाठी मी त्यांना एका बाजूला आणले. नर्मदाबाईंना मी हाताला धरून उठवले. त्यानंतर मी चालकांना होकार दिला.” काकांचा शब्द त्यांच्या तोंडी होता तसाच ठेवला आहे. तो बदलू नकोस.

मला भीती वाटते. कामाची वाटते, आणि बाबांना कळेल याचीही. सगळ्यात जास्त याची की तिथे टेबलासमोर उभी राहिल्यावर कोणीतरी गोडीने विचारेल, “ऊन होतं ना त्या बाजूला?” आणि मी हो म्हणेन. ऊन होतंच की.

नोकरी गेली तर काही दिवस तुझ्याकडे येईन. तुला हळद वाळवायला माणूस लागतोच. या पत्राचं उत्तर पाठवू नकोस. म्हणजे पाठव, पण मला थांबवायला नको. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा मी बहुतेक हिंगोलीहून परत येत असेन.

तुझी,
सरिता

ता. क. सुनावणी गुरुवारी आहे, पण गुरुवारपर्यंत थांबले तर मी कोणाचं ना कोणाचं ऐकेन. जबाब आधी नेऊन दिला तरी घेतात, मी कार्यालयात फोन करून विचारलं. म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीने जाते. मंगळवारी, २४ फेब्रुवारीला.